दादोबा पांडुरंग तर्खडकर : मराठीचं व्याकरण आणि द्वंद्व समासासारखं आयुष्य

नमस्कार विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि शिक्षक बंधुभगिनींनो!

आजच्या लेखात आपण दोन गोष्टी एकत्र शिकणार आहोत. एक म्हणजे द्वंद्व समास आणि दुसरी म्हणजे ज्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात त्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं जीवन. दोन्ही विषय एकाच लेखात का घेतले, ते शेवटपर्यंत वाचलं की तुमच्या लक्षात येईलच. वर नमस्कार करतानाच मी दोन सामासिक शब्द वापरले आहेत, ते ओळखून ठेवा.

झालं असं, की मागे आमच्या वर्गात द्वंद्व समासावरून खरोखरच द्वंद्व पेटलं. मी फळ्यावर आईवडील, मीठभाकर अशी उदाहरणं लिहिली आणि मुलांना घरातले, रस्त्यावरचे शब्द शोधायला सांगितले. चहापाणी आलं, केरकचरा आला, कपडेलत्ते आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून शब्द आला, तर्रीपोहे. आता नागपूरच्या लेकरांना तर्रीपोह्यांपेक्षा जवळचं काय असणार! अर्ध्या वर्गाचं म्हणणं, तर्री आणि पोहे, म्हणून हा द्वंद्व. उरलेल्या अर्ध्या वर्गाचं म्हणणं, तर्री घातलेले पोहे, म्हणजे पुरणपोळीसारखा मध्यमपदलोपी. मी दुसऱ्या बाजूला गुण दिले. कारण प्लेटमध्ये मुख्य काय, तर पोहे. तर्री त्यांच्यावर येते. दोन्ही पदं सारख्या मानाची असतील तरच द्वंद्व.

वाद मिटला, पण एका मुलीने वेगळाच प्रश्न काढला. हे सगळं ठरवलं कोणी, आणि आम्ही ते शिकायचं कशाला? तिच्या शेजारची मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना यातलं काहीच येत नाही आणि त्यांचं काही अडतही नाही, असं तिचं म्हणणं. खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. डीएडला असताना व्याकरणाच्या पुस्तकात दादोबांचं नाव एका ओळीत वाचलं होतं, तेवढंच. मग मी त्यांच्याविषयी वाचायला घेतलं. हा लेख त्या मुलीसाठी आहे आणि तुमच्यासाठीसुद्धा.

आधी उजळणी : द्वंद्व समास म्हणजे काय?

दोन किंवा अधिक शब्द एकत्र येऊन एक शब्द बनतो, तेव्हा समास होतो. ज्या समासात दोन्ही पदं अर्थाच्या दृष्टीने सारखीच महत्त्वाची असतात, तो द्वंद्व समास. राजवाडा म्हटलं की मुख्य काय? वाडा. राजा फक्त सांगतो की वाडा कोणाचा. पण आईवडील म्हटलं तर कोणी मुख्य नाही आणि कोणी दुय्यम नाही. दोघंही हवेत.

मराठीत त्याचे तीन प्रकार शिकवतात.

1. इतरेतर द्वंद्व : विग्रह करताना आणि, व येतं. आईवडील म्हणजे आई आणि वडील. रामलक्ष्मण, बैलघोडा, विटीदांडू.
2. वैकल्पिक द्वंद्व : विग्रह करताना किंवा, अथवा येतं. खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे. बरेवाईट, चारपाच, न्यायान्याय.
3. समाहार द्वंद्व : दोन पदांच्या अर्थाशिवाय त्याच जातीच्या इतर गोष्टीही येतात. भाजीपाला म्हणजे भाजी, पाला वगैरे. चहापाण्याला बोलावलं आणि नुसता चहा आणि पाणी दिलं, तर पाहुणा मनात काय म्हणेल? चिवडा, लाडू त्या शब्दातच धरलेले असतात!

एवढं लक्षात ठेवा. आता दादोबांकडे जाऊ.

जन्म आणि घर

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. वडिलांचं नाव पांडुरंग, आईचं नाव यशोदा. ही दोन नावं नीट लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी त्यांचं काम आहे. वसईजवळच्या तर्खड गावावरून घराण्याचं आडनाव तर्खडकर पडलं. मात्र त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ते स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावत, म्हणून पुस्तकांत दादोबा पांडुरंग असंच जास्त सापडतं.

दादोबांचे धाकटे भाऊही पुढे नावाजले. भास्कर पांडुरंग यांनी 1841 मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून इंग्रज राज्य देशाला कसं लुटतं, हे उघड मांडलं. तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. आत्माराम पांडुरंग डॉक्टर झाले आणि 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. एकाच घरातली ही तीन भावंडं. थोरला शब्दांचा, मधला लेखणीच्या लढाईचा आणि धाकटा समाजसुधारणेचा.

शाळा आणि दोन भाषा

दादोबा चार वर्षांचे होते तेव्हा, 1818 मध्ये, पेशवाई संपली. म्हणजे त्यांची पिढी ही दोन काळांच्या सांध्यावर वाढलेली. एकीकडे पंतोजींची शाळा, धूळपाटी, पाढे, मोडी. दुसरीकडे मुंबईत नव्याने निघालेली इंग्रजी शाळा. दादोबा दोन्हीकडे शिकले. पुढे ज्यांनी दर्पण हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, ते बाळशास्त्री जांभेकर त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. मुंबईतलं हे वातावरण होतं.

आता त्या काळच्या हुशार मुलासमोर काय पर्याय होते ते बघा. शहाणा म्हणवून घ्यायचं तर संस्कृत यायला हवं. नोकरी हवी तर इंग्रजी यायला हवं. मग मराठी? ती तर घरात बोलतातच, ती शिकायची कशाला! दोनशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आणि आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न, दोन्ही जुळे आहेत की नाही?

दादोबांनी याचं उत्तर बोलून दिलं नाही, करून दाखवलं.

1836 : बावीस वर्षांच्या तरुणाचं व्याकरण

1836 मध्ये दादोबांचं महाराष्ट्र भाषेचे व्याकरण हे पुस्तक प्रसिद्ध झालं. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त 22. आजच्या हिशेबाने डीएड पूर्ण करून नोकरीची वाट बघणाऱ्या पोराचं वय!

याआधी मराठीचा विचार कोणी केलाच नव्हता असं नाही. आपल्या विदर्भात रुजलेल्या महानुभाव पंथात भीष्माचार्यांनी पंचवार्तिक लिहून मराठीच्या व्याकरणाचा विचार फार पूर्वी केला होता. पुढे 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याने मराठीचं व्याकरण छापलं. त्याला मदत करणारे वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे. त्यामुळे छापील मराठीच्या पहिल्या पावलावर आपल्या मातीचाही थोडा हात लागलेला आहे, याचा आपण अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण कॅरीचं व्याकरण कोणासाठी होतं? मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी. दादोबांचं पुस्तक मराठीत होतं आणि मराठी मुलांसाठी होतं. फरक इथे आहे. परक्याला भाषा शिकवायची तर तो शब्द कसा वापरायचा एवढं सांगून भागतं. पण जो ती भाषा रोज बोलतो, त्याला ती आतून कशी चालते, हे दाखवावं लागतं. 1836 मध्येच बाळशास्त्री जांभेकर आणि गंगाधरशास्त्री फडके यांचीही व्याकरणं आली. म्हणजे एकाच वर्षात तीन जणांना वाटलं की मराठीला स्वतःचं व्याकरण हवं. पण शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते दादोबांचं.

तुम्ही शब्दांच्या आठ जाती पाठ करता ना? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण अव्यय, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय. ही आठ जातींची मांडणी मराठीत रुजवण्यात दादोबांचा वाटा फार मोठा आहे. मांडणीचा साचा त्यांनी लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणावरून घेतला, आणि नावं मात्र संस्कृतातून घडवलेली वापरली. उभयान्वयी हा शब्द बघा. उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध. दोघांचा संबंध जोडणारा. आणि, व, किंवा हे ते शब्द. द्वंद्व समासात हाच उभयान्वयी लपून बसतो आणि विग्रह केला की बाहेर येतो. आहे की नाही गंमत?

मराठीचा द्वंद्व संस्कृतपेक्षा वेगळा कुठे?

दादोबांपुढची खरी अडचण आता आपण समजून घेऊ. शिक्षकांनी हा भाग वर्गात जरूर घ्यावा.

समास ही संस्कृतची देणगी. पाणिनींनी अष्टाध्यायीत द्वंद्वाची व्याख्या अगदी थोडक्यात केली आहे. च म्हणजे आणि या अर्थाने शब्द जोडले जातात तेव्हा द्वंद्व होतो, असा तिचा आशय. द्वंद्व हा शब्दसुद्धा द्वि म्हणजे दोन, त्याची दुरुक्ती होऊन बनलेला आहे. दोन-दोन, म्हणजे जोडी. त्याचाच दुसरा अर्थ झगडा, जसं द्वंद्वयुद्ध. जोडी आणि झगडा एकाच शब्दात! घरात भावंडं असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आता मराठीत काय बदलतं ते पाहा.

पहिला फरक वचनाचा. संस्कृतात द्विवचन आहे. राम आणि लक्ष्मण दोघं असले की रामलक्ष्मणौ, त्यात भरत आला की अनेकवचन, रामलक्ष्मणभरताः. मराठीत द्विवचनच नाही. म्हणून आपण रामलक्ष्मण निघाले, आईवडील आले असं सरळ अनेकवचन वापरतो.

दुसरा फरक लिंगाचा. संस्कृतात समाहार द्वंद्व नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी होतो. पाणि म्हणजे हात आणि पाद म्हणजे पाय, मिळून पाणिपादम्. मराठीत मात्र शेवटच्या पदाचं लिंग चालतं. मीठभाकर खाल्ली, भाजीपाला आणला, चहापाणी झालं. तिन्ही समाहार, पण तीन वेगळी लिंगं.

तिसरा फरक किंवाचा. पाणिनींची व्याख्या आणि या अर्थापुरती आहे. मराठी माणूस मात्र खरेखोटे, चारपाच असं बोलताना मनात किंवा धरतो. म्हणून मराठी व्याकरणात वैकल्पिक हा प्रकार जास्तीचा मानावा लागला.

म्हणजे संस्कृतचा सदरा मराठीला जसाच्या तसा बसत नाही आणि इंग्रजीचा कोटही बसत नाही. दोन्हीकडचं कापड घेऊन मराठीच्या मापाचं शिवावं लागतं. सगळी मापं पहिल्याच वेळी बरोबर बसली असं नाही. दादोबांनी 1850 मध्ये पुस्तकाची सुधारून दुसरी आवृत्ती काढली, 1865 मध्ये लहान मुलांसाठी लघुव्याकरण लिहिलं आणि 1881 मध्ये, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर 45 वर्षांनी, राहिलेल्या गोष्टींची पूरणिका लिहिली. आपण एकदा उत्तरपत्रिका दिली की मागे वळून बघत नाही. या माणसाने आपलीच उत्तरपत्रिका 45 वर्षं तपासली.

शब्दांचा क्रम कोण ठरवतं?

मुलं नेहमी विचारतात, आईवडीलच का, वडीलआई का नाही? संस्कृत व्याकरणकारांनी याचेही नियम दिले आहेत. साधारणपणे कमी स्वर असलेला शब्द आधी. ज्याचा मान जास्त तो आधी. म्हणून मातापिता, सीताराम, राधाकृष्ण, लक्ष्मीनारायण. भावांमध्ये मोठा आधी, म्हणून युधिष्ठिर आधी आणि अर्जुन नंतर. मराठीतसुद्धा पानसुपारी, मीठभाकर, तेलतिखट म्हणून बघा, छोटा शब्द आपोआप पुढे येतो. जिभेला ते सोपं जातं.

इतर भाषांतही अशा जोड्या आहेत. चिनी भाषेत आईवडिलांना फूमू म्हणतात, त्यात फू म्हणजे वडील आधी आणि मू म्हणजे आई नंतर. तमिळमध्ये ताय्‌तंदै, म्हणजे आपल्यासारखीच आई आधी. ग्रीक लोक सुरी आणि काटा हे दोन शब्द जोडून जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्या हत्यारांना एकच नाव देतात, म्हणजे आपला समाहारच. इंग्रजीत मात्र ही सवय फार कमी. तिथे ब्रेड आणि बटर यांच्यामध्ये अँड लागतोच. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ अशा समासाला काय म्हणतात माहीत आहे? द्वंद्व! तोच आपला शब्द ते वापरतात. त्या मुलीला मी हे सांगितलं, तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते.

मास्तर आणि मास्तरांचे मास्तर

दादोबांचं पोट व्याकरणावर चालत नव्हतं. ते नोकरी करत. माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नबाबाला शिकवायला ते गेले होते. नंतर मुंबईला, मग सुरतेला इंग्रजी शाळेवर त्यांची नेमणूक झाली. सुरतेत मराठी मास्तर गुजराती मुलांना इंग्रजी शिकवतो आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्या नागपुरात एका बाकावर तीन भाषांची मुलं बसतात, त्यामुळे आपल्याला ते अवघड जाणार नाही.

1846 मध्ये ते मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख झाले. नॉर्मल स्कूल म्हणजे काय? गावोगावच्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा. आपल्या डीएड कॉलेजची ती आजीच म्हणा ना! शिक्षक मित्रांनो, हे वाचलं तेव्हा मला दादोबा एकदम घरचे वाटू लागले. पुस्तक लिहून ते थांबले नाहीत, ते पुस्तक वर्गात शिकवणारे हातही त्यांनी घडवले.

समान पदं कागदावर आणि समाजात

आता लेखाच्या महत्त्वाच्या भागाकडे येऊ.

सुरतेत असताना 22 जून 1844 रोजी दुर्गाराम मेहता आणि इतर सोबत्यांबरोबर दादोबांनी मानवधर्म सभा स्थापन केली. देव एक आणि माणसं सगळी सारखी, हा तिचा विचार. जातिभेद, भूतपिशाच्च, मंत्रतंत्र यांच्यावर तिथे उघड चर्चा होत. (मंत्रतंत्र, भूतपिशाच्च, यांचे विग्रह तुम्ही करा.)

मुंबईला परतल्यावर 1849 च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली. तिच्यात दादोबांचे विचार मुख्य होते. या सभेत येणाऱ्याला जात मानणार नाही असं वचन द्यावं लागे आणि परधर्मीयाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खावा लागे. आज आपण वडापाव खाताना पाव कोणी भाजला हे विचारतो का? पण तेव्हा तो एक घास म्हणजे जात बुडणं. जातीतून वाळीत टाकलं की लग्नकार्य बंद, पाणी बंद, मयताला खांदा द्यायलाही कोणी नाही. म्हणून ही सभा गुप्त होती. बाहेर सगळे आपापल्या जातीत, आत सगळे एका पंगतीत.

पुढे 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली. नावं उघड होणार या धास्तीने सभा मोडली. एका यादीने जे मोडलं, ते पुन्हा तसं उभं राहिलं नाही. काही वर्षांनी प्रार्थना समाज निघाला, तो मात्र उघडपणे.

दादोबांनी धर्मविवेचन हा ग्रंथ 1843 मध्ये लिहिला, पण तो छापून आला 1868 मध्ये, आणि त्यावर त्यांचं नाव नव्हतं. एक जगद्वासी आर्य असं टोपणनाव होतं. 25 वर्षं हस्तलिखित पेटीत आणि नंतरही नाव झाकलेलं.

मग दादोबा घाबरट होते का? वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा काही मुलांनी लगेच हो म्हटलं. मला एवढं सोपं वाटत नाही. घरदार, मुलंबाळं, भाऊबंद, नोकरीचाकरी या सगळ्यांचा भार एका पारड्यात आणि मनाला पटलेलं सत्य दुसऱ्या पारड्यात. त्यांनी कुठलंही एक पारडं फेकलं नाही. दोन्ही पदं धरून चालायचा प्रयत्न केला. त्यांच्या आयुष्यातला द्वंद्व समास हा असा होता, जोडीसुद्धा आणि झगडासुद्धा. पण त्याच काळात महात्मा फुले आणि सावित्रीबाई पुण्यात उघडपणे शाळा चालवत होते, शेणगोळे अंगावर घेत होते, हेही विसरून चालणार नाही. समता गुपचूप मानणं आणि समता उघड जगणं यांत अंतर आहे. ते अंतर किती, हे तुम्ही मोठे झाल्यावर स्वतः मोजा.

एका विषयावर मात्र त्यांनी लेखणी लवकर उचलली. 1857 मध्ये विधवाश्रुमार्जन हे त्यांचं लहानसं पुस्तक विधवा स्त्रियांच्या बाजूने आलं. विग्रह करा, विधवांच्या अश्रूंचे मार्जन. म्हणजे हा तत्पुरुष. शेवटचं पद मुख्य, म्हणजे डोळे पुसणं मुख्य.

सरकारी हुद्दा आणि आईवडिलांचं नाव

1852 मध्ये दादोबा डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरला गेले. तिथे भिल्लांचं बंड मोडून काढल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. इथेही थांबून विचार करायला हवा. माणसं सारखी असं मानणारे दादोबा आणि इंग्रजांच्या बाजूने भिल्लांविरुद्ध उभे राहिलेले दादोबा, हे एकच. जीवनचरित्र वाचताना आवडतं तेवढंच घेऊन नावडतं गाळायचं नसतं. दोन्ही पदं वाचायची असतात.

नोकरीच्या धावपळीतही त्यांचा मराठीचा ध्यास सुटला नाही. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी मोठी टीका लिहिली. टीका म्हणजे दोष काढणं नव्हे बरं, टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. ती 1865 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव काय ठेवलं? यशोदापांडुरंगी!

आठवली ना ती दोन नावं? आई यशोदा आणि वडील पांडुरंग. मराठीच्या या पाणिनीने आपल्या ग्रंथाच्या नावात आईवडिलांचा द्वंद्व समास बांधला आणि तोही नियमाप्रमाणे, आई आधी. मधला आणि लपलेला, पण दोघंही पूर्ण मानाने उभे. मला वाटतं, द्वंद्व समासाचं यापेक्षा सुंदर उदाहरण कुठल्याच गाइडमध्ये नसेल.

शेवटची वर्षं

म्हातारपणी दादोबांना स्वीडनमधले विचारवंत स्वीडनबॉर्ग यांच्या लेखनाची ओढ लागली. 1878 मध्ये त्यांच्यावर एक पुस्तक दादोबांनी इंग्रजीत लिहिलं. परमहंस सभेच्या विचारांचं परमहंसिक ब्राह्मधर्म हे पुस्तक 1880 मध्ये आलं. त्यांनी आत्मचरित्रही लिहायला घेतलं होतं, पण ते अपुरं राहिलं. 17 ऑक्टोबर 1882 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुढे अ. का. प्रियोळकर या संशोधकांनी ते आत्मचरित्र, त्यापुढच्या आयुष्याची माहिती जोडून 1947 मध्ये प्रसिद्ध केलं.

दादोबांच्या व्याकरणावर पुढच्यांनी टीकाही केली, इथे मात्र टीका म्हणजे दोष दाखवणं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यातल्या चुका दाखवल्या. कवी केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये शास्त्रीय मराठी व्याकरण हा मोठा ग्रंथ लिहून सगळा विचार नव्याने केला. पण खोडायला आधी कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते काम 22 वर्षांच्या दादोबांनी केलं होतं.

मग, शिकायचं कशाला?

त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. आपलं नागपूर 1956 पर्यंत मध्यप्रांताची राजधानी होतं, आणि बराच काळ त्या प्रांताचं नाव होतं मध्यप्रांत व वऱ्हाड. राज्यकारभारात हिंदी आणि मराठी दोन्ही. आजही आपण घरी मराठी, बाजारात हिंदी आणि मोबाइलवर इंग्रजी वापरतो. यात वाईट काही नाही. दादोबांनाही अनेक भाषा येत होत्या. फक्त त्यांनी एक काळजी घेतली. संस्कृत, इंग्रजी आणि मराठी यांना जोडताना मराठीला दुय्यम पद होऊ दिलं नाही.

हिंदी-मराठी, मराठी-इंग्रजी असे जोडशब्द आपण रोज बोलतो. तो द्वंद्व राहतो की त्यातली मराठी नुसती नावापुरती उरते, हे पुस्तक ठरवत नाही, आपण ठरवतो. ज्या भाषेत आपली आई रागावते आणि जवळ घेते, ती आतून कशी बांधलेली आहे हे माहीत असणं, म्हणजे स्वतःचं घर कसं बांधलंय हे माहीत असणं. घरात राहायला ते लागत नाही, पण घर दुरुस्त करायची वेळ आली की लागतं.

मी हे वर्गात सांगितल्यावर ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने वहीत शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांकडून ऐकलेले सतरा जोडशब्द लिहून आणले. त्यांनाही ते येत होते, फक्त येतात हे त्यांना माहीत नव्हतं.

स्वाध्याय

1. पुढील शब्दांचा विग्रह करून प्रकार ओळखा : बहीणभाऊ, पापपुण्य, अंथरूणपांघरूण, नवराबायको, पासनापास, केरकचरा.
2. झुणकाभाकर, वडाभात, पुरणपोळी, कांदाभजी. यांतले द्वंद्व कोणते आणि कोणते नाहीत? कारण लिहा. (घरात चर्चा करा, आजीला जरूर विचारा.)
3. मानवधर्म, परमहंस, यशोदापांडुरंगी या शब्दांत मुख्य पद कोणतं, ते सांगा.
4. तुमच्या घरात, मोहल्ल्यात बोलले जाणारे दहा जोडशब्द लिहा. त्यांत कोणता शब्द आधी येतो आणि का, याचा विचार करा.
5. परमहंस सभेच्या सभासदांनी आपली नावं गुप्त ठेवली, हे तुम्हाला योग्य वाटतं का? दोन्ही बाजूंनी पाच-पाच ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. तो वैकल्पिक नाही, इतरेतर समजून सोडवा. दोन्ही बाजू लिहिल्या तरच गुण!

भेटूया पुढच्या पाठात. तोपर्यंत लिहीतवाचत राहा.